महादेवाची वाळू

निवृत्त इंजिनिअर भेटला की लोक हमखास विचारतात, "साहेब, तुम्ही काय काय बांधलं?" पूल बांधणाऱ्याचं बरं असतं, बोट दाखवलं की झालं. माझी सगळी नोकरी मातीच्या धरणांवर गेली. लहान तलाव, पाझर तलाव आणि त्यांचे कालवे. मातीच्या धरणावर चार-दोन पावसाळ्यांत गवत येतं, शेळ्या चरायला लागतात, आणि हे माणसानं बांधलंय हेच कुणाच्या ध्यानात राहत नाही. सुनेला एकदा मोठ्या हौसेनं माझा एक तलाव दाखवायला नेलं. ती इकडंतिकडं बघत राहिली आणि म्हणाली, "बाबा, धरण कुठंय?" आम्ही धरणावरच उभे होतो.

तेव्हा वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. मातीचं धरण लोकांच्या नजरेत भरतं ते बहुतेक वेळा फुटल्यावरच.

लोकांचा एक समज असतो की धरण म्हणजे पाणी अडवणारी भिंत, तिच्यातून थेंब येता कामा नये. मातीच्या धरणाचं तसं नसतं. मधे काळ्या मातीचा गाभा असतो, दोन्ही अंगांना मुरमाचा भराव असतो, आणि कितीही नीट दाबलं तरी थोडं पाणी झिरपतंच. झिरपावंच. पायथ्याशी येणारं पाणी स्वच्छ असेल तर तो धरणाचा घाम. ते गढूळ यायला लागलं तर मात्र रक्त समजायचं. म्हणजे पाणी आतली माती घेऊन निघालंय, आणि पोटात बीळ पडत चाललंय.

आमच्याकडं येणाऱ्या लोकांत गळतीचे भक्तही असायचे. एका तलावाखाली भिकाजी नावाचे शेतकरी होते. दर उन्हाळ्यात दुरुस्तीची कामं निघाली की ते ऑफिसात येऊन बसायचे आणि अगदी गरिबीनं म्हणायचे, "साहेब, सगळं दुरुस्त करा. फकस्त माझ्या इहिरीच्या अंगाची गळती तेवढी ऱ्हाऊ द्या." मी म्हणायचो, "भिकाजीराव, धरण गेलं तर विहीरही जाईल." त्यावर ते म्हणायचे, "ते झालं पुढचं. ऊस आत्ता उभा हाय."

आणि एक रुखरुखही आहे, ती सांगून टाकतो. तरुणपणी ऐन उमेदीत केलेला एक कालवा आहे. उतार इतका नेमका साधला होता की वरिष्ठांनी इतर उपविभागांतल्या लोकांना तो बघायला पाठवलं. पण कालवा पुरा होईपर्यंत वरच्या अंगाला इतके बंधारे झाले की तलाव भरायचाच बंद झाला. त्या कालव्यातून आता गावातली पोरं शाळेला जातात. सपाट आहे, सावलीही आहे. पाणी मात्र कधी गेलं नाही.

असो. मला सांगायचीय ती गोष्ट खडकदऱ्याच्या तलावाची. पण त्याआधी सलीमबद्दल सांगायला हवं, कारण तो नसता तर ती गोष्ट वेगळी झाली असती.

मी चितेगावच्या पुढच्या एका खेड्यातला. आज तिथं कारखान्यांचे भोंगे वाजतात. आमच्या वेळी तूर आणि बाजरी होती. इंजिनिअरिंगला नंबर लागला आणि शहरात आलो. उस्मानपुऱ्यात खोली घेतली. पहिल्याच आठवड्यात सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला नावांच्या क्रमानं जोड्या लावल्या. शेख आणि शेळके. सलीम शेख आणि त्र्यंबक शेळके. उरलेली चार वर्षं आणि पुढचा सगळा जन्म त्या हजेरीपटानं ठरवला.

सलीमच्या वडिलांचं गुलमंडीजवळ टेलरिंगचं दुकान होतं. माझी खेड्यातली विजार बघून त्यांनी पहिल्याच भेटीत टेप काढला. म्हणाले, "बेटा, इंजिनिअर बनेगा तो पतलून तो ढंग की पहन." नोकरीच्या मुलाखतीला मी त्यांनीच शिवलेली पँट घालून गेलो. सलीमची अम्मी मला तिरंबक म्हणायची आणि ईदच्या दिवशी माझ्यासाठी शीरखुर्म्याचं पातेलं वेगळं झाकून ठेवायची. आमच्या घरी सलीम आला की माझी माय त्याला हुरडा, भरीत असं काहीबाही खायला घालायची आणि मला म्हणायची, "ह्यो पोरगा रोज देवाचं नाव घेतो. तू कवा घेणार?"

मी देवाचं नाव घेत नव्हतो. भांडण नव्हतं, पण येणं-जाणंही नव्हतं. सलीम पाचही वेळा नमाज पढायचा, कुठंही असला तरी. दौलताबादच्या पायथ्याशी आमचा सर्व्हे कँप होता. ऐन उन्हात लेव्हल घेत फिरायचं, आणि दुपार झाली की हा यंत्र माझ्यावर सोडून झाडाखाली जायचा. एकदा मी वैतागून म्हणालो, "अरे, दिवसातून पाचदा हजेरी कसली? तुझा देव मस्टरवाला आहे का?"

सलीम पाणी प्यायला आणि शांतपणे म्हणाला, "मियाँ, आपण लेव्हल घेत घेत लांब जातो आणि परत सुरुवातीच्या बेंचमार्कवर कशाला येतो?"

"चूक किती साचली ते कळायला."

"बस. मैं भी उसी के वास्ते जाता."

माझा स्वभाव मात्र बदलला नाही. आमचं ठरून गेलं. तो जायचा, मी यंत्र सांभाळायचो.

दोघंही सरकारी नोकरीला लागलो. मी तलावांच्या कामावर फिरत राहिलो, आणि तो माती तपासणीच्या प्रयोगशाळेत रमला. कुठल्या मातीत किती चिकणमाती आहे हे तो चिमूट तोंडात टाकून सांगायचा आणि मग प्रयोगशाळेत खरं करून दाखवायचा. आमची लग्नं झाली, मुलं झाली, बदल्या झाल्या. पण दर रविवारी सकाळी तो असेल तिथं मी जायचं किंवा मी असेन तिथं त्यानं यायचं, असा शिरस्ता राहिला. आमच्या दोघांच्या बायका याला "तुमची विभागीय बैठक" म्हणायच्या.

खडकदरा हे कन्नडच्या बाजूला डोंगराच्या कुशीतलं गाव. गावाच्या वर तलाव, तलावाखाली नाला, आणि नाल्याच्या काठानं खालची वस्ती. तलाव मी बांधलेला नव्हता, जुना होता. मी उपअभियंता म्हणून आलो तेव्हा तो माझ्याकडं आला. त्या वर्षी भाद्रपदात पाऊस असा लागला की डोंगरातले सगळे ओहोळ एकदम उतरले. तलाव काठोकाठ भरला, सांडवा वाहू लागला. आणि एका सकाळी चौकीदाराचा फोन आला.

"साहेब, पायथ्याला पाणी लागलंय."

"स्वच्छ आहे का?"

"नाय साहेब. च्यासारखं हाय."

मी पहिला फोन तहसीलला केला आणि दुसरा सलीमला. तो रोज्यात होता, रमजान चालू होता. एवढंच म्हणाला, "रस्त्यात घे मेरेकू."

आम्ही पोचलो तेव्हा खालची वस्ती शाळेकडं निघाली होती. शाळा उंचावर होती. डोक्यावर गाठोडी, काखेत पोरं, कुणाच्या हातात कोंबड्या. एक म्हातारी आमच्या जीपसमोर थांबून म्हणाली, "साहेब, जातंय का ऱ्हातंय?" मी म्हणालो, "राहील. पण तुम्ही चला."

पायथ्याशी बांधाच्या मुळातून पाणी उकळल्यासारखं वर येत होतं. खरंच चहासारखं. सलीम गुडघ्यापर्यंत चिखलात उतरला, ओंजळीत पाणी घेतलं, बोटांतून सोडून दिलं आणि तळहातावर राहिलेली माती चोळून बघितली.

"गाभा है," तो म्हणाला. "अंदर से आ रहा."

अशा वेळी अडाणी माणूसही आणि शिकलेला माणूसही एकच करायला धावतो. भोक बुजवायचं. पोती आणून ठासायची. ते केलं तर पाणी दुसरीकडून वाट काढतं आणि जास्त वाईट वाट काढतं. पाण्याला येऊ द्यायचं, फक्त माती येऊ द्यायची नाही, हा यातला उपाय. पूर्वी घरोघरी मडक्यात वाळू आणि खडी भरून पाणी गाळायचे, तशीच गाळणी पायथ्यावर घालायची. खाली वाळू, तिच्यावर बारीक खडी, वर मोठ्या दगडांचा डबर. पाणी गाळून बाहेर येतं, माती आतच राहते, आणि डबराच्या वजनानं बांधाचं मूळ दबून राहतं. तलावाचा दरवाजा पूर्ण उघडून पाणी उतरवायचं, ते वेगळं.

दरवाजा उघडला होता. पण वाळू कुठून आणायची? खाणीकडून येणाऱ्या रस्त्यावर नाल्याला पूर होता. आम्हीच जीप कशीबशी काढली होती, भरलेला ट्रक येणं शक्य नव्हतं. आणि त्या वेळी मला आठवलं, की गावात शिरताना महादेवाच्या देवळासमोर मी ढीग बघितले होते. धुतलेली स्वच्छ वाळू, खडी, डबर. जणू कुणी आमच्यासाठीच रचून ठेवलेत.

ते आमच्यासाठी रचलेले नव्हते. महादेवाचा गाभारा जुना, दगडी, लहानसा होता. त्याच्यापुढं सभामंडप बांधायचा म्हणून गाव कितीतरी वर्षं साहित्य गोळा करत होतं. ज्याच्याकडं ट्रॅक्टर त्यानं डबर आणला. ज्यांच्याकडं काही नव्हतं त्या बायकांनी श्रावणात नदीवरून डोक्यावर वाळू वाहिली. ती वाळू म्हणजे गावाचा नवस होता.

आम्ही देवळापाशी गेलो तेव्हा बहुतेक गाव तिथंच जमलं होतं. देवस्थानचं काम राजाराम पाटील बघायचे. मी त्यांना समजावलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले.

"साहेब, आमचं काय नाय. पर ही वाळू देवाला बोललेली हाय. बोललेली वस्तू माघारी घ्यायची म्हंजी..."

"पाटील, धरण गेलं तर खालची वस्ती जाईल."

"ते समजतंय साहेब. पर गावात उद्या काय झालं तर मला इचारतील."

मागून एकजण म्हणाला, "आन ह्ये दुसरे साहेब कोण? त्यांच्या सांगण्यावरनं महादेवाची वाळू उचलायची का?"

सलीमची दाढी, डोक्यावरची टोपी, सगळ्यांना दिसत होती. माझं डोकं सटकलं. मी काहीतरी वाईट बोलणार होतो, तेवढ्यात सलीमनं माझ्या दंडावर हात ठेवला. "रहने दे," असं मला म्हणाला आणि मग लोकांकडं वळून चांगल्या मराठीत म्हणाला, "माझ्या सांगण्यावरून उचलू नका. तुमच्यातली चार माणसं धरणाच्या पायथ्याला चला. बघा आणि मग तुम्हीच ठरवा."

पाटील आले. विचारणारा माणूसही आला. आणि देवळाचे पुजारी काशिनाथ गुरव आले. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. सलीमनं त्यांच्या हातावर ते पाणी ओतलं आणि राहिलेली माती दाखवली. "ही काळी माती वरच्या वावरातली नाही. धरणाच्या पोटातली आहे. आत्ता मूठ-मूठ जातेय. संध्याकाळी गाडी-गाडी जाईल." काशिनाथ गुरवांनी तळहात बराच वेळ बघितला, धोतराला पुसला आणि म्हणाले, "कौल लावतो."

कौल म्हणजे देवाला प्रश्न विचारणं. पिंडीला ओली फुलं दोन्ही अंगांना चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. मी सलीमकडं बघितलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते त्याला कळलं असणार.

"डावं पडलं तर?" मी त्याच्या कानात म्हणालो. "मग काय करायचं? पोलीस बोलवायचे?"

"पूछने दे," तो म्हणाला. "उनका भगवान है, उनकी वाळू है. जबरदस्ती से उठाई तो कोई हाथ नहीं लगाएगा. मेरेकू सौ हाथ होना."

देवळापाशी परतल्यावर तो ढिगांपाशी उभा राहिला, वाळू मुठीत घेऊन तिची जाडी बघत. मी गुरवांच्या मागं गेलो आणि गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर थांबलो. बाकी लोक बाहेर. आत समईचा उजेड होता. गुरवांनी पांढऱ्या कण्हेरीची दोन फुलं पाण्यात बुडवून पिंडीला लावली आणि डोळे मिटून बसले.

मी आयुष्यात देवाकडं इतकं टक लावून कधी बघितलं नव्हतं. फुलं हलेनात. बाहेर कुणी खोकत होतं. वरून पावसाचा आवाज. मला डोळ्यांपुढं ते चहासारखं पाणी दिसत होतं. फुलं तशीच. हवा इतकी ओली होती की ती दिवसभर पडली नसती.

गुरव उठले. माझ्या अंगावरून बाहेर गेले आणि पायरीवर उभं राहून मोठ्यानं म्हणाले, "उजवा दिला."

बाहेर एकच गलका झाला. 'हर हर महादेव' म्हणत लोक ढिगांवर तुटून पडले. मी वळून गाभाऱ्यात बघितलं. दोन्ही फुलं पिंडीला चिकटलेली होती.

मी कुणाला काही बोललो नाही. त्या वेळी बोलायला वेळही नव्हता. गावात ट्रॅक्टर होते ते लागले, आणि जिथं ट्रॅक्टर रुतला तिथून पुढं माणसांची रांग लागली. घमेली, टोपल्या, पाट्या. ज्यानं देवळापाशी सलीमबद्दल विचारलं होतं तो रांगेत सगळ्यात पुढं होता आणि सलीमच्या हुकमानं वाळू पसरत होता. सलीम चिखलात उभा राहून ओरडत होता, "इधर नक्को, इधर! पहिली वाळू. डबर आत्ता नाही. वाळू पूर्ण झाल्याशिवाय डबराला कुणी हात लावायचा नाही!" दिवसभर पाण्याचा थेंब पोटात नाही, आणि आवाज असा की डोंगरावर आदळून परत यायचा.

दुपार कलली तेव्हा पाण्याचा रंग बदलायला लागला. आधी मला वाटलं माझ्या मनाचे खेळ. मग चौकीदार म्हणाला, "साहेब, दूध जास्त पडलंय च्यात." दिवस मावळतीला आला तेव्हा वाळूतून आणि डबरातून येणारं पाणी जवळजवळ नितळ होतं. तलावाची पातळीही उतरली होती. सलीमनं परत ओंजळ भरली, ओतली, तळहात बघितला आणि मला दाखवला. तळहात स्वच्छ होता.

तेवढ्यात काशिनाथ गुरव बांधावर आले. हातात तांब्या आणि फडक्यात काहीतरी. सलीमसमोर उभे राहून संकोचानं म्हणाले, "साहेब, तुमचा उपास सोडायची येळ झाली न्हवं? गूळ हाय, दशमी हाय. घरची हाय. चालंल का?"

"का नाही चालणार?" सलीम म्हणाला, आणि तिथंच दगडावर बसून त्यानं गुळाचा खडा तोंडात टाकला. मग बांधाच्या माथ्यावर माझा रेनकोट अंथरून तो नमाजाला उभा राहिला. खाली एका ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन बंद केलं. सलीम मागं वळून म्हणाला, "अरे चालू रख रे बाबा. पहले काम." मग परत पश्चिमेकडं तोंड केलं. ट्रॅक्टर चालू झाला. डबर पडत राहिला.

धरण राहिलं. अजून आहे.

पुढच्या उन्हाळ्यात पायथ्याची पक्की दुरुस्ती करून घेतली, आणि देवळापुढं वाळू, खडी, डबर होता त्याहून जास्त आणून टाकला. त्या दिवशी मी आणि सलीम दोघंही गेलो होतो. काशिनाथ गुरव ओट्यावर बेलाची पानं निवडत होते. मी त्यांच्याजवळ बसलो आणि इतके दिवस मनात होतं ते विचारलं.

"गुरव, त्या दिवशी फुलं पडली नव्हती."

त्यांनी मान वर केली नाही. "नव्हती," म्हणाले.

"मग?"

"साहेब, कौल लोकांसाठी लावला. देवाचं मी पायथ्यालाच ऐकलं व्हतं. हातावर माती दावली का नाय या साहेबांनी?" त्यांनी एक किडकं पान बाजूला टाकलं. "म्हादेव काय वाळूसाठी मानसं मारंल व्हय?"

मला वाटलं होतं, त्यांना कानकोंडं होईल, काही तरी लपवल्यासारखं बोलतील. त्यांच्या आवाजात त्याचा मागमूस नव्हता. परतीच्या वाटेवर सलीमनं फुलंब्रीला जीप थांबवायला लावली. मग म्हणाला, "त्रिंबक, ये आदमी मेरे से बडा नमाजी है."

अशा गोष्टींच्या शेवटी 'तेव्हापासून माझ्यात बदल झाला' असं लिहायला काही लोकांना आवडतं. माझ्यात तसा बदल झाला नाही. मी देवळात जायला लागलो नाही. पण माणूस देवाचं नाव घेतो म्हणजे त्यानं डोकं गहाण टाकलंय, हा जो माझा एक शहाणपणा होता, तो त्या उंबऱ्यावर गळून पडला. निवृत्तीनंतर माझ्या छातीचं ऑपरेशन झालं. बाहेर माझी बायको सुमन जप करत बसलेली आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर सलीम तसबीहचे मणी ओढत होता. शुद्धीवर आल्यावर मी त्यांना म्हणालो, "दोन्ही खात्यांची ना-हरकत मिळालेली दिसते." सुमन रडत होती ती हसली. सलीम म्हणाला, "तेरी फाइल पे बहुत ऑब्जेक्शन थे. मुश्किल से निकाली."

खडकदऱ्याचा सभामंडप मात्र रेंगाळला. मधे दुष्काळाची वर्षं आली, मग गावात दोन तट पडले, मग पत्र्याचा मांडव घालून वेळ भागली. काशिनाथ गुरव फोन करत राहिले. ते आता खूप थकलेत. आणि गेल्या वर्षी त्यांचा फोन आला, "साहेब, गाव एक झालंय. नकाशा काढून द्या."

सलीमला छोटी डिझाइनं करायचा छंद आहे. त्यानं काढून दिलं. गावाची एकच मागणी होती. बायकांचं भजनी मंडळ म्हणालं, मधे खांब नको, खांबाआड बसलं की देव दिसत नाही. सलीमनं मधला एकही खांब ठेवला नाही, भार पेलायला तुळया जास्त खोल घेतल्या. मी त्याचे आकडे तपासले, त्यानं माझ्यावर विश्वास न ठेवता परत तपासले. स्लॅब ओतला त्या दिवशी आम्ही दोघं छत्र्या घेऊन सकाळपासून उभे होतो, आमची मुलं रागावली.

सेंट्रिंग काढायचा दिवस आला. म्हणजे स्लॅब ओला असताना त्याला खालून आधार दिलेले टेकू काढायचे. स्लॅब स्वतःच्या पायावर उभा राहतो की नाही, ते त्या दिवशी कळतं. मोठी गर्दी झाली होती, पण सगळी बाहेर. राजाराम पाटलांचा मुलगा आता देवस्थान बघतो. तो वर बघून म्हणाला, "साहेब, मधी काहीच नाय. एवढं मोठं अधांतरी. भरवसा हाय ना?"

सलीम काही न बोलता काठी टेकत आत गेला आणि बरोबर मधोमध, तुळईच्या खाली जाऊन उभा राहिला. त्याचे गुडघे गेलेत, त्याला उभं राहणं सोपं नाही. मी गेलो आणि त्याच्या शेजारी उभा राहिलो. मग काशिनाथ गुरव नातवाचा हात सोडून आले. आम्ही तिघं म्हातारे त्या टेकूंच्या जंगलात उभे.

"काढा," सलीम म्हणाला. "मधून सुरू करा. कडेला शेवटी."

सेंट्रिंगवाले घाबरत घाबरत पाचरा ठोकून सैल करू लागले. एकेक टेकू सुटायचा, खाली आडवा व्हायचा, आणि आमच्याभोवती जागा मोकळी होत जायची. सलीमचे ओठ हलत होते. गुरवांचे हलत होते. माझी नजर तुळईच्या खालच्या कडेवर होती, भेग पडलीच तर केसाएवढी का होईना, आधी तिथंच दिसते. भेग पडली नाही. शेवटचा टेकू पडला तेव्हा सगळा मंडप एकदम मोठा वाटायला लागला.

"तू क्या बोल रहा था?" सलीमनं विचारलं.

"मी? वजनाचा हिशोब करत होतो."

"हौ," तो म्हणाला. "मेरेकू सुनाई दिया हिशोब."

गुरव हसले. मला त्यांचं हसू एवढ्या वर्षांत पहिल्यांदा दिसलं.

बाहेर पाटलांचा मुलगा लोकांना थांबवत होता, पूजा व्हायची होती, फीत कापायची होती, कुणी पुढारी येणार होते. पण भजनी मंडळाच्या बायकांना दम नव्हता. त्या झाडू घेऊन आत शिरल्या, फळ्या बाजूला ढकलल्या, मधली जागा झाडून सतरंज्या टाकल्या आणि बैठक मारून टाळ काढले. एवढ्या बायका त्या स्लॅबखाली बसल्या. वर मात्र कुणीच बघितलं नाही.